गुढी कोणाच्या सालाची?

पाडव्याच्या दिवशी आमच्या वाड्यात सगळ्यांच्या आधी उठायचा तो गडी. गोठ्याच्या आढ्याला वर्षभर बांधून ठेवलेला वेळू तो सोडायचा, जळमटे झटकायचा, आडाच्या पाण्याने धुऊन भिंतीला टेकवून ठेवायचा. लिंबाचा डहाळाही तोच आणायचा. मग अंघोळ उरकून आजोबा यायचे, आणि तिथून पुढे त्या वेळूला त्याने हात लावायचा नसे. घटकाभरापूर्वी ज्या हातांनी काठी धुतली, तेच हात काठीला जरीचा खण चढताच दूर का व्हावेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. घरात कोणालाच पडत नव्हता.

गुढी उभी राहायची, ओवा, हिंग, गूळ घातलेली लिंबाची चटणी जिभेवर ठेवून आम्ही तोंडे वाकडी करायचो, आणि आजोबा ओसरीवर लाल बांधणीची वही घेऊन बसायचे. गडी खांबाला धरून उभा राहायचा. मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. पाडव्याला सालगड्याचे साल संपते आणि पाडव्यालाच नवे धरायचे असते. खानदेशात हाच हिशेब आखाजीला होतो. बोली ठरते, उचल ठरते, किती धान्य आणि कपड्याचे किती जोड ते ठरते. त्याआधी मागच्या सालाचे खाडे मोजले जातात. तापाने पडला ते चार दिवस, बहिणीच्या दिराच्या दहाव्याला गेला ते दोन दिवस. मग मागची बाकी. "औंदा राहतूस ना?" असे आजोबा विचारायचे खरे, पण ज्याच्या नावावर बाकी आहे त्याला हा प्रश्न नसतोच, ती नुसती रीत असते. त्याचे बापाच्या नावासकट पूर्ण नाव आमच्या घरात त्या वहीतच लिहिलेले होते, उचलीच्या आकड्यासमोर. एरवी त्याला सगळे अर्ध्याच नावाने हाक मारीत.

म्हणजे एकाच ओसरीत, एकाच सकाळी, दोन नवी वर्षे सुरू व्हायची. आमचे नवे कोरे, आणि त्याचे जुन्या बाकीचे.

नव्या वर्षाचे शकुन शोधण्यात आपला समाज वाकबगार आहे. साडेतीन मुहूर्त आपण नेमून ठेवले आहेत: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. त्या दिवशी पंचांग उघडावे लागत नाही, फक्त पाकीट उघडावे लागते. सराफाच्या दारात रांग, गाडीच्या शोरूममध्ये नारळ, आरटीओत मोजून घेतलेला 'लकी' नंबर, आणि मग त्याच नव्या गाडीला पुढे लिंबू-मिरची. सदनिकेच्या खिडकीत मावेल एवढी वीतभर तयार गुढी आता मिळते. तिला तांब्याही असतो, गाठीही असते, लिंबाची पाने मात्र कापडाची. कडू लागण्याची भीतीच नको.

पंचांगाची गंमत तर आणखी वेगळी. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, हे पाडव्याला गावात वाचून दाखवण्याची प्रथा आहे. हा राजा ठरतो कसा? पाडवा ज्या वारी येतो, त्या वाराचा स्वामी तो वर्षाचा राजा. रविवारी आला तर रवी, मंगळवारी आला तर मंगळ. अशा राजाच्या भरवशावर पाऊस किती आढक पडणार ते मान डोलावत ऐकणारी माणसे, पाराच्या कडेला बसलेल्या सालगड्याच्या वर्षाचा राजा कोण हे पक्के जाणून असतात. तो वारावर ठरत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही सण नासवायला निघालात. माझे भांडण सणाशी नाही. आंब्याचा मोहर, कडुलिंबाची तांबूस पालवी, उन्हात चमकणारा पालथा गडू, हे मला अजूनही लोभस वाटते. शालिवाहनाची ती कथाही मला आवडते. कुंभाराघरी वाढलेल्या पोराने मातीचे सैनिक केले, त्यांच्यात प्राण फुंकला आणि शत्रूला हरवले. शक सुरू होतो इसवी सन 78 पासून. इतिहास या कथेला दुजोरा देत नाही, तरी कथा ज्याने रचली त्याला एवढे कळत होते की नवे वर्ष मातीत हात घालणाऱ्याच्या हातून सुरू व्हावे. आपण कथा ठेवली, शक ठेवला आणि मातीत हात घालणाऱ्याला अंगणाच्या कडेला उभे केले.

माझा आरोप असा आहे की आपले शुभ अशुभ माणसांवाचून उभेच राहत नाही. ओवाळायला सवाष्ण हवी असेल तर कोणीतरी सवाष्ण नसलेली हवी. पहिला मान कोणाला द्यायचा असेल तर कोणाला तरी शेवटी उभे करायला हवे. आपण शकुन विकत आणतो, कारण त्यात या मांडणीला धक्का लागत नाही. वही तशीच राहते आणि वहीवर हळदकुंकू वाहिले की झाले.

हल्ली पाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: सालगडी मिळेना, भाव लाखाच्या पुढे गेला. भाव! बैलाच्या बाजाराच्या बातमीतही हाच शब्द असतो. बोली सव्वा लाखाची धरली तर 365 दिवसांना भागून पाहा, दिवसाला 342 रुपये येतात. यात पहाटेची धार आहे, रात्री वीज येईल तेव्हा दिलेले पाणी आहे, त्या पाण्यावर भेटणारा साप आहे आणि मालकाच्या पाहुण्यांसाठी मारलेल्या खेपाही आहेत. अनेक ठिकाणी त्याची बायको सडासारवण करते, तिचे नाव तर वहीतही नसते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, घेतलेल्या उचलीपोटी माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे हा गुन्हा ठरवला आणि असे कर्जच रद्द केले. त्या कायद्याला अर्धे शतक होत आले. तरीही आधी बाकी फेड, मग जा, हे वाक्य गावात कोणाला बेकायदा वाटत नाही. उलट पैसे बुडवून पळाला म्हणून गडीच चोर ठरतो.

मालकाची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. मी मालकाच्याच घरातला. सालगडी ठेवणारा शेतकरीही सोसायटीच्या कर्जात असतो. पाडवा येतो त्याच सुमारास 31 मार्चही येतो, आणि पीककर्ज फेडले नाही तर व्याजाची सवलत जाते. कापसाने दगा दिला की त्याचे सालही मागच्या बाकीने सुरू होते. पण आपल्या मानेवरचे जू जड झाले म्हणून दुसऱ्याच्या मानेवरचे रास्त ठरत नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्या आजोबांच्या मानेवर फारसे काही नव्हते.

गुढीला आपण साखरेची गाठी बांधतो. ती साखर ज्यांच्या कोयत्याने येते त्या बीड, जालना, परभणीच्या माणसांचा गळीत हंगाम पाडव्याच्या मागेपुढे संपत असतो. तिथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणसे मोजायचे हे माप ज्याने शोधले त्याला आपण काय म्हणावे! मुकादमाची उचल, चुकलेल्या दिवसाचा दंड, उसाच्या फडाशेजारचे पाल. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रिया गाजल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा आकडा हजारांत निघाला. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाडा परवडत नाही, आणि पाळीचाच त्रास घेऊन गेलेल्या बाईला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देणारा डॉक्टरही भेटतो. गाठी मुलांच्या गळ्यात घालताना हे आठवावे असे मी म्हणणार नाही, सण आहे. दुसऱ्या दिवशी तरी आठवायला हरकत नाही.

आता माझ्या आत्याबद्दल. ती ऐन तरुणपणी माघारी आली होती. पाडव्याच्या आदल्या रात्री गाठी ओवायची ती, आंब्याच्या पानांचे तोरण करायची ती, खणाला इस्त्री नाही म्हणून तो गादीखाली घालून ठेवायची तीच. सकाळी आई हळदकुंकवाचे तबक घेऊन अंगणात आली की आत्याला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचे. पुरण उतू जाईल, चुलीला जाळ कमी पडेल. तिला 'जा' असे कधी कोणी म्हटले नाही. हाकलण्याची पाळीच येऊ नये इतके आपण बायकांना तयार करून ठेवतो, आणि मग म्हणतो, आमच्याकडे असले काही पाळत नाहीत.

1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. शास्त्रार्थ करणारे पंडित दोन्ही बाजूंनी भांडत राहिले, आणि ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला. मला आपल्या सुधारणेच्या इतिहासातला हा सगळ्यांत स्वच्छ प्रसंग वाटतो. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की आपल्या गावात नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे आवाहन केले. दोन प्रसंगांमध्ये 132 वर्षे आहेत. एवढ्या काळात केस वाचले आणि आपण कुंकवापर्यंत आलो. गुढीच्या तबकापर्यंत यायला आणखी किती पाडवे लागतील, हे कोणते पंचांग सांगणार?

शहरात गेलेले लोक म्हणतील की ही गावाकडची रडगाणी झाली. त्यांनी आपल्या शोभायात्रा आठवाव्यात. फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या लेकीबाळींचे फोटो छान येतात, त्यांचा मला आनंदच आहे. पण रस्त्यावरची रांगोळी विस्कटल्यावर ती झाडायला पहाटे कोण येतो? त्याचे कंत्राट किती महिन्यांचे असते? की त्याचेही साल दर वर्षी नव्याने धरायचे असते?

आमच्या गड्याची गोष्ट अर्धीच राहिली. एका पाडव्याला वही उघडली आणि आजोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो खांबाला धरून बराच वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "औंदा न्हाई, मालक." बाकीचे पैसे त्याने धोतराच्या सोग्यातून काढून ओसरीवर ठेवले. कुठून आणले कोणास ठाऊक. त्याचा पोरगा पुण्याला बांधकामावर लागला होता, तिकडे ते सगळे निघून गेले. आजोबा दिवसभर बोलले नाहीत. माणूस बिघडला, एवढेच संध्याकाळी म्हणाले.

पुढच्या पाडव्याला वेळू काढायला गोठ्यात गेलो तर आढ्याची गाठ कोणालाच सुटेना. इतकी वर्षे ती त्याने बांधली, त्यानेच सोडली. आजोबांचे हात थरथरत होते, मी लहान होतो. शेवटी आत्या विळा घेऊन आली, पदर खोचून वर चढली आणि तिने दोर कापला. वेळू तिने खाली घेतला, आडावर नेऊन धुतला, पुसला, अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. आजोबा पाहत होते. काही बोलले नाहीत. मग आई तबक घेऊन बाहेर आली, आणि आत्याने पुरण पाहायला हवे म्हणून ओले हात पदराला पुसत आत पाय टाकला.