सोडतीचा पैसा आणि खचलेली जमीन

इंग्लंडांत पीटरबरो शहराजवळ होम फेन नांवाचें एक पाणथळ रान आहे. तेथें १८५१ सालीं एक लोखंडी खांब असा पुरण्यांत आला कीं, त्याचा माथा जमिनीशीं समपातळीवर यावा. आज तोच माथा सुमारें चार मीटर, म्हणजे दोन पुरुष उंचीहून अधिक वर दिसतो. खांब वाढला नाहीं, जमीन खचली. शेजारचें व्हिटल्सी मिअर हें विस्तीर्ण सरोवर त्याच सुमारास पंपानें उपसून शेतीखालीं आणलें होतें. तेथील माती म्हणजे हजारों वर्षें पाण्यांत सांचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. इंग्रज तिला पीट म्हणतात. पाणी गेलें, हवा लागली, माती सुकून आकसली आणि उरलेली कुजून अक्षरशः हवेंत विरून गेली.

ती जमीन पुन्हां भिजविण्याचा उद्योग २००१ सालापासून चालू आहे. होम फेन व वुडवॉल्टन फेन या दोन जुन्या राखीव रानांमधील शेतें विकत घेऊन, पाट अडवून, सुमारें ३७०० हेक्टर प्रदेश सलग करावयाचा आहे. पैकीं वुडवॉल्टन हें चार्ल्स रॉथ्सचाइल्ड या धनिक कीटकप्रेमी गृहस्थानें १९१० सालीं पदरच्या पैशानें घेतलें होतें. आतांच्या जमीनखरेदीस मात्र मोठा हातभार लागला तो लॉटरीचा. आमच्या वाचकांस हें ऐकून नवल वाटेल, आम्हांसहि वाटलें.

ब्रिटिश पार्लमेंटनें १९९३ सालीं कायदा केला आणि १९९४ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत निघाली. एका पौंडाच्या तिकिटांतील निम्मा पैसा बक्षिसांत जावा व सुमारें अठ्ठावीस पेन्स लोकोपयोगी कार्यास मिळावे, अशी त्या वेळची वांटणी होती. त्या अठ्ठाविसांतला पांचवा हिस्सा वारशाच्या जतनासाठीं; म्हणजे पौंडामागें साडेपांच पेन्स. त्यांतच जुने वाडे, देवळें, संग्रहालयें आणि त्यांतच फुलपांखरें, बगळे, दलदली. हा निधि वांटणाऱ्या संस्थेचें नांव २०१९ पासून नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड असें आहे. उलट तिकीट घेणाऱ्याची गोष्ट पाहा. आरंभीं ४९ आंकड्यांतून सहा जुळवावयाचे होते. तेव्हां पहिलें बक्षीस लागण्याचा संभव एक कोटि चाळीस लाखांत एक. २०१५ सालीं आंकडे ५९ झाले आणि तोच संभव साडेचार कोटींत एक इतका घटला!

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पीटरबरोस नोकरीस आहे. तो अधूनमधून तिकीट घेतो आणि लिहितो, ‘आजोबा, लागलें तर माझें, न लागलें तर पक्ष्यांचें.’ वहिनींना हें मुळींच पसंत नाहीं. त्यांचा प्रश्न असा कीं, ज्यानें मुलांचें दूध तोडून तिकीट घेतलें, त्याचें पुण्य कोणत्या बगळ्याच्या खातीं मांडावयाचें? प्रश्न खोटा नाहीं. मिळकतीच्या मानानें पाहिलें तर अशा खेळाचा भार गरिबावरच अधिक पडतो. आणि दलदलीच्या कांठीं दुर्बीण घेऊन फिरणारा मनुष्य बहुधा तो नसतो. राज्यानें स्वतः द्यूतगृह चालवावें हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. परंतु लोक तिकिटें घेणारच असतील, तर त्या पैशानें जमीन घेणें हा उपयोग आम्ही बरा समजतों. उत्सव आटोपतात, जमीन राहते.

मात्र येथें एक मेख आहे. सरकारनें जें स्वतःच्या तिजोरींतून करावयाचें, त्याची भरपाई या पैशानें होऊं नये, असा तेथील मूळ संकेत. पण एकदां दुसऱ्याची थैली दिसली कीं आपली आंवळून धरण्याचा मोह घरांतल्या भावांभावांतहि होतो, मग राज्यकर्त्यांची काय कथा! शिवाय देणगी ठराविक मुदतीची असते. खरेदी होते, पाट अडविले जातात, दोनचार वर्षें राखणदाराचा पगार निघतो, पुढें काय? खचायला जिला दीड शतक लागलें ती माती मुदतींत बसत नाहीं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील अक्षसूक्त आम्ही पुष्कळदां वाचून दाखविलें आहे. फांसे टाकूं नकोस, शेती कर, असा त्यांत जुगाऱ्याला उपदेश आहे. इंग्लंडांत फांशांच्या पैशानें उलट शेती मोडून दलदल केली, म्हणून आम्ही थट्टा करीत होतों. तोंच नातवाचें पत्र आलें कीं, अलीकडे त्या रानाच्या कडेला ओल्या जमिनींतच पाणकणीस लावून शेतीचा प्रयोग चालला आहे. माती भिजलेली राहते, खचत नाहीं, आणि पीकहि निघतें. वहिनींना तें वाचून दाखविलें. त्यांनीं लगेच विचारलें, ‘त्याची भाकरी होते का?’ भाकरी होत नाहीं. त्याचा कापूस भिंतींत व थंडीच्या कोटांत ऊब राखण्यासाठीं भरतात.