परदेशातली पदवी आणि इंदापूरचा रुग्ण

'नीट'चा निकाल लागला की निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या पट्ट्यात हिशेब सुरू होतो. सरकारी महाविद्यालयाचा कटऑफ हुकलेला असतो आणि खासगीची फी आवाक्याबाहेर असते. मग रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान ही नावे घरात येतात. मुलगा पात्र ठरला आहे आणि खर्च निम्म्याहून कमी येईल, असे एजंट सांगतो. उसाच्या बिलावर किंवा डाळिंबाच्या पैशांवर हा खर्च भागत नाही, म्हणून कर्ज निघते, कधी जमिनीचा तुकडा जातो. सहा वर्षांनी मुलगा पदवी घेऊन परततो, पण ती पदवी म्हणजे भारतात डॉक्टरकी करण्याचा परवाना नसतो. तो परवाना कसा मिळतो, आणि सध्याच्या पद्धतीतून रुग्णाला चांगला डॉक्टर मिळतो का, हे दोन्ही प्रश्न समजून घ्यायला हवेत.

आधी वाट कशी आहे ते पाहू. २०१८ पासून परदेशात वैद्यकीय शिक्षणासाठी जातानाही 'नीट' उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण व्हायला हवी. त्या देशाच्या नागरिकांप्रमाणेच तिथे वैद्यकीय व्यवसाय करण्यास आपला विद्यार्थी पात्र ठरायला हवा. परतल्यावर परीक्षा, मग भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि शेवटी राज्य परिषदेची, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची, कायम नोंदणी. इथल्या एमबीबीएसला साडेपाच वर्षे लागतात. परदेशाच्या वाटेने सगळे पहिल्या फटक्यात जमले तरी सात-आठ वर्षे जातात.

या वाटेवरचा सर्वांत अरुंद दरवाजा म्हणजे परीक्षा. एफएमजीई या नावाने ती २००२ पासून घेतली जाते. त्याआधी पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या पदव्या आपल्याकडे थेट मान्य होत असत. संघ फुटल्यावर तिथे खासगी दलाल आणि दुय्यम दर्जाची महाविद्यालये वाढली, तेव्हा २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून चाळणी बसवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये ही परीक्षा वैध ठरवली. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रात ती होते. बहुपर्यायी प्रश्न ३००, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. तरीही जून २०२५ मध्ये बसलेल्या सुमारे ३६ हजार उमेदवारांपैकी ६,७०७, म्हणजे १८.६१ टक्केच उत्तीर्ण झाले. त्याआधीच्या डिसेंबर २०२४ च्या सत्रात निकाल बरा लागला, पण तोही तीस टक्क्यांच्या आतच होता.

या आकड्यावरून 'परदेशातून येणारे सगळे कच्चे' असा निष्कर्ष चटकन काढला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. काही महाविद्यालयांत भारतीय मुलांच्या तुकड्या वेगळ्या असतात. वर्गातले शिकवणे इंग्रजीत चालते, पण वॉर्डातला रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो. त्यामुळे रुग्णाशी बोलून आजाराचा माग काढण्याचे कौशल्य अर्धवट राहते. कोविडकाळात चीनमधले विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ घरी अडकले. फेब्रुवारी २०२२ मधल्या युद्धाने युक्रेनमधल्या हजारो विद्यार्थ्यांना परत आणले. वैद्यकशास्त्राचा मोठा भाग त्यांना मोबाइलच्या पडद्यावर शिकावा लागला. ती उणीव भरून काढण्यासाठी आयोगाने त्यांच्यावर वाढीव इंटर्नशिपच्या अटी घातल्या.

उरलेले अर्धे असे, की तुलनेसाठी आपल्याकडे मापच नाही. भारतात शिकलेला एमबीबीएस पदवीधर ही परीक्षा देत नाही. त्याची परीक्षा त्याचे विद्यापीठ घेते. मग दोघांत कच्चा कोण आणि पक्का कोण, हे ठरवायचे कसे? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने यावर उत्तर दिले होते. देशी आणि परदेशी अशा सर्व पदवीधरांसाठी 'नेक्स्ट' ही एकच परीक्षा घ्यायची. २०२३ मध्ये ती लांबणीवर पडली. परिणामी एका गटाची चाळणी होते आणि दुसऱ्याची होत नाही.

दुसरी उणीव परीक्षेच्या स्वरूपातच आहे. इंदापूर तालुक्यात पावसाळ्यात उसाच्या फडातून सर्पदंशाचा रुग्ण येतो. दंश नागाचा की घोणसाचा, श्वास मंदावतो आहे का, रक्त गोठते आहे का, हे बघून प्रतिसर्पविष द्यायचे असते आणि त्याची उलट प्रतिक्रिया आलीच तर ती सांभाळायची असते. फवारणीतून कीटकनाशकाची विषबाधा झालेल्याला अ‍ॅट्रोपिन किती आणि कुठवर द्यायचे, हे रुग्णाशेजारी उभे राहूनच शिकले जाते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून जगाला दाखवला. मध्य आशियातल्या रुग्णालयात यातले फारसे दिसत नाही. बहुपर्यायी प्रश्नाला अचूक उत्तर देणारा उमेदवार ही वेळ निभावेलच, याची खात्री एफएमजीई देत नाही.

इतर देशांनी ही अडचण ओळखली आहे. ब्रिटनच्या 'प्लॅब' परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला भाग लेखी असतो. दुसऱ्या भागात उमेदवार एकामागून एक टेबलांवर जातो, रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलतो, तपासणी करतो आणि परीक्षक गुण देतात. जर्मनीत वैद्यकीय संवादाची भाषा-परीक्षा वेगळी असते. या चाळण्यांमधून आपलेच डॉक्टर जातात, हेही लक्षात ठेवायला हवे. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता थांबवली. त्या वादातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. १९७५ मध्ये मान्यता पुन्हा गेली आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या पदवीधरालाही तिथे परीक्षा द्यावी लागते. परक्या पदवीची तपासणी हा अपमान नाही. मात्र जे कौशल्य डॉक्टरला लागते, त्याचीच तपासणी व्हायला हवी.

आपल्याकडे हाताचे काम शिकण्याची खरी जागा उरते ती इंटर्नशिपची, आणि तिथेच गर्दी होते. आयोगाने २०२२ मध्ये महाविद्यालयांतल्या जागांच्या ७.५ टक्क्यांपर्यंत परदेशी पदवीधरांना घेण्याची मर्यादा ठरवली. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. १०० जागांच्या महाविद्यालयाला हे प्रमाण लावले तर सात जणच सामावतात. म्हणजे परीक्षा पास होऊनही जागेची वाट पाहावी लागते. ग्रामीण भागाला डॉक्टर हवे असताना ही रांग लांबणे परवडणारे नाही. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली या मुलांना घेतले, तर रुग्णालयाला हात मिळतील आणि त्यांना इथले आजार शिकता येतील. देखरेख नसेल तर मात्र तो स्वस्तातला मनुष्यबळाचा पुरवठा ठरेल.

दरवाजा अरुंद असला की मागच्या दाराने घुसण्याचे प्रकार होतात. परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला. त्यात १४ राज्य परिषदांच्या अधिकाऱ्यांचाही संबंध तपासला गेला. अशा डॉक्टरची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे, तो पाहण्यात संकोच करू नये.

पालकांनी पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: अभ्यासक्रमाचे महिने, संपूर्ण शिक्षण इंग्रजीत असल्याची हमी, तिथल्या रुग्णालयात खाटा किती व प्रत्यक्ष रुग्ण हाताळायला मिळतात का, आणि त्या देशात परवाना मिळण्याचा नियम. परीक्षा मंडळाने देशनिहाय आणि महाविद्यालयनिहाय निकाल वेळोवेळी प्रसिद्ध केले आहेत. एजंटच्या रंगीत माहितीपत्रकाआधी ते वाचावेत. सरकारने सर्वांना एकच परीक्षा, तिच्यात प्रात्यक्षिकाचा भाग आणि पुरेशा इंटर्नशिपच्या जागा ही तीन कामे केली, तर पदवी कुठली हा प्रश्न मागे पडेल आणि डॉक्टरला काय येते, एवढेच पाहावे लागेल.