उल्हासच्या वाट्याचे पाणी कोणत्या रकान्यात?

भिवंडीजवळच्या टेमघरला उल्हास नदीचे पाणी येते ते जलवाहिनीतून. शहाड येथे उचललेले हे पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महापालिकांना तसेच परिसरातील गावांना पुरविले जाते. ‘स्टेम’ हे या यंत्रणेचे नावही शहाड व टेमघर या दोन गावांवरूनच पडले आहे. (पुण्याच्या मुठा खोऱ्यातील टेमघर धरणाशी या टेमघरचा संबंध नाही.)

शहाडपर्यंत येणारे हे पाणी उन्हाळ्यात उल्हासचे स्वतःचे फारसे नसते. एक भाग औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचा, तर दुसरा टाटांच्या आंध्रा धरणाचा. आंध्रा ही वस्तुतः भीमेच्या खोऱ्यातली नदी. तिचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहात वीज निर्माण करून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरते आणि उल्हासला मिळते. टाटांच्या धरणांचे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी अधूनमधून होते, तेव्हा ठाणे जिल्ह्याचा घसा का कोरडा पडतो, ते यावरून ध्यानात यावे.

बारवी व आंध्रातील साठा १५ जुलैपर्यंत पुरविण्याच्या हिशेबाने पाणीकपात ठरविण्याची येथे प्रथाच पडली आहे. हा हिशेब महापालिकांचा, उद्योगांचा आणि बाष्पीभवनाचाही असतो. नदीचा मात्र त्यात रकाना नाही. बदलापूर, जांभूळ, मोहिली, शहाड अशा टप्प्याटप्प्याने पाणी उचलले जाते. उरेल ते नदीचे!

धोरणकर्त्यांना हा विषय अपरिचित आहे, असे मुळीच नाही. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत पर्यावरणाला पाणीवाटपाच्या प्राधान्यक्रमात चौथे स्थान होते. २०१२ च्या नीतीने त्यापुढे जाऊन, नदीचा काही प्रवाह पर्यावरणासाठी राखून ठेवावा आणि विसर्ग तिच्या नैसर्गिक चढउतारांशी सुसंगत असावा, असे म्हटले. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये किमान प्रवाहासाठी महाराष्ट्राच्या वाट्यात ३ टीएमसी पाणी धरले. केंद्राने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी हंगामनिहाय टक्केवारीच अधिसूचित केली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यात तर माणसाच्या मूलभूत गरजेचे आणि नदीचे पाणी आधी बाजूला काढून मगच उरलेल्याचे वाटप करण्याची तरतूद आहे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे.

त्याची किंमत शहरांनाही मोजावी लागते. प्रवाह मंदावला, की सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी पोसली जाते. मोहने-आंबिवली परिसरात अलीकडच्या वर्षांत हे दृश्य नेहमीचे झाले आहे. ते पाणी शुद्ध करण्याचा भार शेवटी शुद्धीकरण केंद्रांवरच पडतो. अर्थात, अधिक पाणी सोडून घाण पातळ करणे हा सांडपाणी प्रक्रियेला पर्याय नव्हे. वाहता प्रवाह आणि स्वच्छ प्रवाह या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत व दुसरी टाळण्यासाठी पहिलीची ढाल करता येणार नाही.

शिवाय नदीची गरज बारमाही सारखी नसते. पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे पुराच्या लोंढ्याचा इशारा ओळखून निघतात. रोज ठरावीक पाणी सोडले, पण मृगाचा पहिला पूर धरणातच अडविला, तर कागदावरील सरासरी पूर्ण होईल. मासे मात्र वर चढणार नाहीत.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. उल्हास खोऱ्यात कर्जत तालुक्यातील पोशीर व शिलार या प्रकल्पांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. महामुंबईची वाढती तहान पाहता नवा साठा लागणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बांधून झालेल्या धरणातून, वाटप झालेल्या पाण्यातून नदीसाठी हिस्सा काढणे जवळपास अशक्य असते. प्रत्येक थेंबावर कोणाचा तरी करार असतो. हे दोन प्रकल्प आखणीत असतानाच हंगामनिहाय विसर्ग त्यांच्या परिचालन नियमांत लिहिला जाऊ शकतो. आणि तो मोजायचा शहाडच्या खाली, जिथे शेवटचा पंप पाणी उचलून झालेला असतो. त्याच्या वर मोजलेला आकडा नेहमीच समाधानकारक दिसेल.