नियंत्रण मनोऱ्याची वाट अकरावीच्या वर्गातून

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो: आता पुढे काय? पुष्कळ घरांत त्याचा निर्णय एका संध्याकाळी होतो. "गणित अवघड आहे, शास्त्र शाखेचा खर्च झेपणार नाही," असे कोणी वडीलधारे म्हणतात आणि मूल मान डोलावते. इतर शाखांस आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या एका संध्याकाळी कोणकोणती दारे बंद होतात, याचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही. त्यांपैकी एका दाराविषयी आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत. ते दार हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पदाचे होय.

विमान वैमानिक चालवितो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याने केव्हा उडावे, किती उंचीवर जावे आणि केव्हा उतरावे, हे जमिनीवर बसलेला नियंत्रक सांगतो. समोरासमोर येणारी दोन विमाने प्रत्येकी ताशी ४८० सागरी मैल वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर मिनिटास १६ सागरी मैलांनी, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरांनी, घटते. ८० मैलांचे अंतर पाच मिनिटांत संपते. विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. दाबाचा आकडा दहा मिलिबारांनी चुकला, तर उंची सुमारे पावणेतीनशे फुटांनी चुकते. या कामासाठी गणित व पदार्थविज्ञान का मागतात, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरी गोष्ट भाषेची. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे प्राणास मुकली. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. ते त्याखाली उतरले. त्या वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. आज आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नियंत्रकाचे बोलण्याचे इंग्रजी सहा पायऱ्यांपैकी निदान चौथ्या पायरीचे असावे लागते.

हे सर्व शिकावयाचे कोठे? अमेरिकेत काही महाविद्यालये हाच विषय शिकवितात. हवामान, आकाशमार्गांचे नियम, ठराविक शब्दांत बोलण्याची रीत आणि नकली मनोऱ्यात बसून करावयाचा सराव, असा तो अभ्यासक्रम असतो. तरीही त्यांच्या पदवीधरांस ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी प्रशिक्षणालयात जावे लागे. २०२४ पासून ओक्लाहोमा विद्यापीठ व टल्सा कम्युनिटी कॉलेज यांना प्रथम, आणि मागाहून इतरांना, तेच पूर्ण शिक्षण देण्याची मुभा मिळाली.

आपल्या देशातील रचना निराळी आहे. येथे महाविद्यालय धंदा शिकवीत नाही, पाया घालते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या जाहिरातींत या पदासाठी गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेतलेली बी.एस्सी. किंवा हे विषय असलेली अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. पुढे लेखी परीक्षा, आवाजाची, मानसिक क्षमतेची, प्रकृतीची व मादक द्रव्यांची तपासणी होते. निवडलेल्यांस प्राधिकरणच प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदिया येथील संस्थेत शिक्षण देते. त्यानंतर विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करून परवाना मिळविल्यावाचून कोणासही एकट्याने विमानाशी बोलता येत नाही.

वाचकहो, या रचनेचा अर्थ नीट समजून घ्या. जो मुलगा वा जी मुलगी तालुक्याच्या साध्या महाविद्यालयात हे दोन विषय घेऊन बी.एस्सी. होते, तिच्यासाठी हे दार उघडे आहे. आणि जिने अकरावीत गणित सोडले, तिच्यासाठी ते पुढे लाखो रुपये खर्चूनही सहसा उघडत नाही. विमानसेवेच्या नावाने भरमसाट फी घेणारे खाजगी अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले आहेत. या पदासाठी त्यांची आवश्यकता नाही. त्यांच्यापायी घरातील दागिना मोडू नका. तोच पैसा मुलांची पुस्तके आणि प्रयोगशाळेची फी यांवर खर्च करा.

हक्काचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मांतरानंतर केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील सवलती आपणांस दीर्घकाळ नाकारल्या गेल्या. मोठ्या लढ्यानंतर १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस तो हक्क मिळाला. या पदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २७ वर्षांची आहे. अनुसूचित जातींस तीत पाच वर्षांची सूट असून अर्जाचे शुल्कही माफ असते. मात्र केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर मिळालेला हक्क कागदावरच राहतो. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा मूल महाविद्यालयात असतानाच ते काढून ठेवा.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचे सांगणे थोडके आहे. गणिताला भिऊन पळू नका. न समजलेले उदाहरण पुन्हा सोडवा. दररोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचा, आणि चुकाल म्हणून लाजू नका. व्यसनापासून दूर राहा.

मध्यरात्री धुक्यातून उतरणाऱ्या वैमानिकास नियंत्रकाचा चेहरा दिसत नाही, त्याचे आडनाव कळत नाही. त्यास फक्त एक आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजावर विसंबून तो शेकडो माणसांस जमिनीवर आणतो. तो आवाज उद्या तुमच्या मुलीचा असावा, असे तुम्हांस वाटत असेल, तर यंदा अकरावीचा अर्ज भरताना गणित आणि पदार्थविज्ञान हे दोन विषय खोडू नका.