जन्माचा पुरावा

घरफोडी झाली कीं प्रथम पारध्यांच्या पालांवर धाड घालावयाची, ही रीत कित्येक सुशिक्षितांस आजही समंजसपणाची वाटते. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कांहीं जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. १९११ सालीं तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला. सोलापुरास तर बायकापोरांसह माणसें तारेच्या कुंपणांत राहिलीं, हजेऱ्या देत राहिलीं. १९५२ सालीं कायदा गेला. १९५९ च्या मुंबईच्या सराईत गुन्हेगार कायद्यानें जमातीऐवजीं व्यक्तीस झालेली शिक्षा पाहावयाची असें ठरविलें; पण पोलिसचौकीची नजर कागदानें थोडीच बदलते!

कोणी म्हणेल, ज्याचें घर फुटलें त्याच्या भीतीस कांहींच किंमत नाहीं काय? आहे, पुरेपूर आहे. म्हणूनच आम्ही विचारतों कीं, पालें उचकटण्यांत रात्र गेली तर खऱ्या चोराचा माग काढावयाचा केव्हां? शिवाय रानावनांत फिरणारा पारधी पुष्कळ पाहतो. परंतु साक्ष द्यावयास गेलों तर आपणच कोठडींत पडूं, हें ठाऊक असतां तो चौकीची पायरी कशास चढेल? मुद्देमालावरून, प्रत्यक्ष कृत्यावरून संशय घ्यावा. त्यास आमची हरकत नाहीं.

२०२४ सालीं तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयास पोलिसांना बजावावें लागलें कीं, विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीनें अटक होऊं नये. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं! त्या निकालावर दिवाणखान्यांत माना डोलावणारे किती गृहस्थ पारध्याच्या पोरास फाटकाच्या आंत येऊं देतात?