दीड तास कोणाचा?

मुंबई ते नागपूर किती लांब, असं फोनला विचारा. क्षणात उत्तर येतं: सुमारे 680 किलोमीटर, विमानाने साधारण दीड तास. उत्तर चूक नाही. पण ते विमानाचं उत्तर आहे आणि आपण ते माणसाला लावतो. माझा राग त्यावर आहे.

आकडा येतो कुठून ते सांगतो, कारण पोटासाठी मी असलाच कोड लिहितो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरायची आणि सगळं हॅवरसाइन सूत्रात घालायचं. आलेल्या अंतराला ताशी 800 ने भागलं की 51 मिनिटं. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वरून टाकला की झाला 'प्रवासाचा वेळ'.

विमान कंपनीचा दीड तास वेगळा. तो एका गेटवरून सुटून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा, आणि त्यात उशिराची सोय आधीच केलेली असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. विमानं वर घिरट्या घालतात, तो वेळ वेळापत्रकात धरलेला असतो. शिवाय 15 मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' म्हणूनच नोंदतात. एवढी सवलत विमानाला. तुम्हाला? बहुतेक कंपन्यांचं काउंटर तासभर आधी बंद, गेट 25 मिनिटं आधी बंद.

आता माझा हिशेब. नोकरी ऐरोलीत, घर गडचिरोलीला. ट्रॅफिक धरून विमानतळ दीड तास. दोन तास आधी पोचणं. विमान दीड तास. बॅगेला अर्धा. मग नागपूरचा एसटी स्टँड आणि तिथून सुमारे 170 किलोमीटर गडचिरोली, मिळून साडेचार तास. बेरीज दहा. वडील आजारी म्हणून रजा मागितली, तर मॅनेजर म्हणतो, "फ्लाइट तर दीड तासाची आहे ना? दुपारी लॉगिन कर." माझे साडेआठ तास त्याच्या स्क्रीनवर नाहीतच.

कोणी म्हणेल, अंतर दोन विमानतळांमधलंच विचारलं होतं. मग त्याला उड्डाणाचा वेळ म्हणा, प्रवासाचा नको. रस्त्याचीही हीच गत. 701 किलोमीटरचा 'मुंबई-नागपूर' समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. पुढची मुंबई ज्याची त्याने गाठायची.

दारापासून दारापर्यंतचा वेळ दाखवणं अवघड नाही. नकाशाची ॲप्स चालणं, लोकल, बस जोडून ते रोज करतात. तिकीट विकणारे करत नाहीत, कारण दहा तास दिसले तर रात्रभर झोपून नागपूरला नेणारी विदर्भ एक्सप्रेस तितकी वाईट वाटणार नाही.

यात सगळ्यात जास्त मार खातो तो विमानतळापासून लांब राहणारा. अंधेरीचा माणूस धरमपेठेत गेला तर त्याचा हिशेब थोडा चुकतो, गडचिरोलीवाल्याचा अख्खा दिवस गायब होतो. आणि नागपूर-गडचिरोलीचे साडेचार तास कुठल्याच आकड्यात नसतील, तर ते कमी करा असं म्हणायला आधार कशाचा? म्हणून तिकिटाच्या ॲपवर पिनकोड ते पिनकोड वेळ दिसलाच पाहिजे, उड्डाणाच्या वेळेइतक्याच मोठ्या अक्षरात. तोवर कोणी "दीड तास तर आहे" म्हणालं, की कुठून कुठपर्यंत ते विचारा.