वालधुनीच्या काठावर बी.एस्सी. झालेल्यांना

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. सीएचएम आणि आरकेटी या उल्हासनगरातल्या दोन कॉलेजांतूनच दरवर्षी त्यांची एक तुकडी बाहेर पडते. पुढचे रस्ते ठरलेले. अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत क्यूसी केमिस्ट म्हणून चिकटायचं, नाहीतर बी.एड., नाहीतर बँकेच्या परीक्षा. यात वाईट काहीच नाही, घर चालतं. पण एक रस्ता या मुलांना कुणी दाखवतच नाही आणि तो नेमका त्यांच्या दारावरून जातो. तो म्हणजे दगड, माती, पाणी आणि गाळ यांचं रसायनशास्त्र, अर्थात भूरसायनशास्त्र. हे आवाहन त्यांना आहे, त्यांच्या आईवडिलांना आहे आणि थोडं त्यांच्या प्राध्यापकांनाही.

आधी दगडाचं बोलू. कर्जत लोकलने जाताना मलंगगड, तावली, चंदेरी, माथेरान या डोंगरांवर आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे ते थर. सगळे काळे, सगळे बेसाल्टचे. नुसत्या डोळ्यांनी एक थर दुसऱ्यापासून वेगळा काढणं भल्याभल्यांना जमत नाही. मग 1980 च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि पीटर हूपर, जॉन महोनी, कीथ कॉक्स असे परदेशी अभ्यासक घाटाघाटांतून दगडांचे नमुने गोळा करत फिरले. त्यांनी टायटॅनियम किती, बेरियम किती, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर काय, हे मोजून थर वेगळे केले आणि त्यांना नावं दिली. ती नावं आपल्या ओळखीची आहेत: नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, भीमाशंकर, पोलादपूर, महाबळेश्वर. बोटभर लांबीचे पांढरे स्फटिक असलेल्या एका थराला तर कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याचं नाव आहे. डायनासोर संपले त्यात या लाव्हाचा हात किती, यावर जगभर आजही वाद चालू आहे. त्या वादातल्या शोधनिबंधांत ही नावं येतात. कर्जतचा मुलगा रोज ‘नेरळ’ची पाटी वाचत कॉलेजला जातो आणि त्याला यातलं काही ठाऊक नसतं. यात दोष मुलाचा नाही.

पण मला जास्त बोलायचंय ते पाण्याबद्दल. तिथे आपली गरज आणि हे शास्त्र एकमेकांना थेट भिडतात.

वालधुनी अंबरनाथच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, काकोळ्याच्या बाजूला उगम पावते. शके 982 म्हणजे इसवी सन 1060 च्या शिलालेखाचं शिवमंदिर तिच्याच काठावर उभं आहे. पुढे ती अंबरनाथ आणि उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. वाटेत तिचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. 2014 च्या नोव्हेंबरअखेर टँकरने तिच्यात रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास कोंडून दवाखान्यात न्यावं लागलं. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर मोठी भरपाई ठोठावली. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, बातम्या झाल्या. हे सगळं हवंच. पण या लढ्यात एक जागा कायम रिकामी राहिली आहे. पाण्यात सापडलेला एखादा घटक खडकातून आला की माणसाने टाकला, हे ठामपणे सांगणारं माणूस तिथे नाही.

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. समजा, कुणी वालधुनीतला गाळ तपासून आणला आणि त्यात तांबं, क्रोमियम, निकेल सापडलं. लगेच ‘विष सापडलं’ अशी बोंब होते. पण हे तिन्ही धातू आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मुळातच असतात, तांबं तर इतर अनेक खडकांपेक्षा जास्त असतं. समोरचा वकील एवढं एकच वाक्य बोलतो आणि सगळा अहवाल केराच्या टोपलीत जातो. रक्ताच्या अहवालात ‘नॉर्मल रेंज’चा रकाना नसेल तर डॉक्टरही काही सांगू शकत नाही, तसलीच ही गोष्ट. वरच्या डोंगरातल्या स्वच्छ ओढ्याचा गाळ, खालचा गाळ आणि दोन्हींतलं ॲल्युमिनियमशी असलेलं प्रमाण ताडून पाहिलं की नैसर्गिक किती आणि वरून पडलेलं किती, हे वेगळं काढता येतं.

पाण्याचंही तसंच. पावसाचं पाणी बेसाल्टमधून झिरपलं की त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका उतरतात. क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट बेसाल्टमधून फारसे येत नाहीत. काकोळ्याकडे कमी असलेले हे आकडे मंदिरापाशी वाढले आणि उल्हासनगरात कडाडले, तर मधे काय घडलं ते कुणालाही कळेल. कल्याणपाशी मात्र सावध राहायचं. तिथे खाडीच्या भरतीचं पाणी चढतं, क्लोराइड समुद्राचाही असू शकतो. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. ऐन मे महिन्यात उल्हास वाहते त्यात मोठा वाटा भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा असतो, आणि ते पाणी मूळचं घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं. वीजगृह चालू की बंद, यावर तुमचे आकडे हलतात. असल्या गोष्टी पवईच्या आयआयटीत बसून सुचत नाहीत, त्या इथे राहणाऱ्यालाच सुचतात.

हे काम सुरू करायला प्रयोगशाळा लागत नाही. पीएच आणि वाहकता मोजणारं चांगलं उपकरण कॉलेजात असतंच. मात्र नमुना घेण्याची शिस्त लागते. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. कडेचं साचलेलं पाणी न घेता मधल्या धारेतलं घ्यायचं. बाटली काठोकाठ भरून हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं. पीएच तिथल्या तिथेच मोजायचा, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की आकडा बदलतो. संध्याकाळी लॅबमध्ये मोजलेला पीएच नदीचा नसतो. धातू तपासायचे असतील तर त्या नमुन्याची बाटली वेगळी ठेवायची. ते पाणी बारीक गाळून त्यात शुद्ध नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. ते काम जाणत्याच्या हाताखाली करायचं. तारीख, वेळ, जागा, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे सगळं वहीत लिहायचं. महिन्यातून एकदा, त्याच ठरलेल्या जागी, वर्षभर. एकदाच घेतलेला नमुना फोटो काढण्यापुरता उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही.

आणि जिवाला जपा. वालधुनीत उतरायचं नाही. पुलावरून दोरी बांधलेली बादली सोडायची, हातमोजे घालायचे, एकट्याने जायचं नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच मागे फिरायचं. हा वास देणारा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, म्हणून ‘आता वास गेला’ यावर विसंबू नका. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरकडे पावसाळ्यात दगड पाहायला जाणाऱ्यांनीही तिथल्या डोहांपासून लांबच राहावं. दगड दिवाळीनंतरही तिथेच असतात.

या शिस्तीतून खरं विज्ञान निघतं, याचा दाखला उल्हास नदीचाच आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळातला पारा मोजून 2003 साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. पारा आला कुठून, तर कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत तो वापरला जाई. गाळात उभी नळी खुपसून काढलेला गाभा थराथराने तपासला की कुठल्या काळात काय नदीत पडलं, याची नोंद मिळते. कारखान्याचं रजिस्टर बदलता येतं, गाळाचं नाही बदलता येत.

आता पोटापाण्याचं. केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी ‘कंबाइंड जिओ-सायंटिस्ट’ परीक्षा घेतो. ती फक्त भूशास्त्रवाल्यांची, असा गैरसमज आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ‘केमिस्ट’ आणि केंद्रीय भूजल मंडळात रासायनिक शाखेचा ‘सायंटिस्ट बी’ ही पदंही याच परीक्षेतून भरली जातात आणि त्यासाठी रसायनशास्त्रातली एम.एस्सी. चालते. राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी आहे. अर्ज भरणारे आपल्याकडे विरळा, कारण कुणाला माहीतच नाही. संशोधनाकडे वळायचं तर सीएसआयआर-नेट परीक्षेत रसायनशास्त्राइतकाच पृथ्वीविज्ञानाचाही स्वतंत्र विषय आहे. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, हैदराबादची एनजीआरआय, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, पवईचा पृथ्वीविज्ञान विभाग अशी दारं आहेत. विद्यार्थी असतानाच देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करता येतो. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं, वर विद्यावेतनही. प्राध्यापकांनाही ती खुली आहे, हे मुद्दाम सांगतो. बारावीला असाल आणि दगडाचंच वेड असेल तर मुंबईचं सेंट झेवियर्स किंवा पुण्याचं फर्ग्युसन, दोन्हीकडे भूशास्त्रात पदवी घेता येते.

क्यूसीत काम करणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखू नये. ब्लँक घेणं, स्टँडर्ड चालवणं, तेच सॅम्पल दोनदा चालवून पाहणं, आकडा पटला नाही तर सुपरवायझर काहीही म्हणो, पुन्हा करणं. भूरसायनाच्या प्रयोगशाळेत अब्जातला एक भाग मोजणाऱ्या यंत्रापुढे हाच हात लागतो. दगडाची नावं सहा महिन्यांत शिकता येतात, हा हात मात्र वर्षानुवर्षांच्या कामातून घडतो.

नवीन काम तर पुढेच आहे. आइसलँडमध्ये 2012 साली बेसाल्टमध्ये सोडलेला कार्बन डायऑक्साइड दोनेक वर्षांत बहुतांश दगड होऊन बसला. आपल्याकडे बेसाल्ट काही ठिकाणी किलोमीटरभर जाड आहे. कोयनेला खोदलेल्या विंधनविवरात तो सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला. खडी क्रशरवर उडणारी काळी भुकटी शेतात पसरून हवेतला कार्बन शोषून घ्यायचे प्रयोग भारतातही सुरू आहेत. 2025 साली त्यातल्या एका कंपनीला एक्सप्राइझचं पाच कोटी डॉलर्सचं बक्षीस मिळालं. यात पैसा आला की थापाही येणार. खरोखर किती कार्बन शोषला गेला, हे शेताच्या पाण्यातलं बायकार्बोनेट मोजून तपासता येतं. ते मोजणारी माणसं फार थोडी आहेत.

आईवडिलांनो, मुलगी म्हणाली की मला नदीचं पाणी तपासायला जायचंय, तर ‘असली घाण कशाला?’ म्हणू नका. हातमोजे घेऊन द्या. प्राध्यापकांनो, तृतीय वर्षाच्या प्रकल्पात दरवर्षी बाजारातल्या शीतपेयांचा पीएच काढण्याऐवजी वालधुनीवरच्या चार जागा ठरवा आणि पुढच्या तुकडीलाही त्याच जागा द्या. पाच वर्षांनी तुमच्या कॉलेजकडे असं काहीतरी असेल, जे पवईकडेही नाही. नगरपरिषद आणि पालिकेनेही अशा वह्या मागवून घ्याव्यात, त्यांना काही खर्च नाही.

आणि एम.एस्सी. करणाऱ्यांनो, जिओ-सायंटिस्ट परीक्षेची जाहिरात साधारण सप्टेंबरच्या सुमारास येते, वयाची मर्यादा खुल्या गटाला 32 आहे. यंदा अर्ज भरा.